हिस्लॉप यांची शाळा आणि लिंगोचे गीत

चर्चने स्थापन केलेल्या जुन्या शाळांचे इतिहास लिहिण्याची एक ठराविक पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. संस्थापकाचे चरित्र, इमारतीचा पाया, मुख्याध्यापकांची परंपरा, परीक्षांचे निकाल असा क्रम लागतो. आणि मग एखाद्या प्रकरणाच्या शेवटी शाळेच्या संगीतपरंपरेचा परामर्श घेतला जातो. पियानो केव्हा आला, नाताळचा गायकवृंद कोणी उभा केला, बक्षिसे कोणती मिळाली, एवढ्यात हा परामर्श आटोपतो. संगीत हा शाळेचा अलंकार आहे आणि शिक्षणाचे खरे काम शब्दांनी चालते, असे या पद्धतीचे गृहीत आहे. हे गृहीत कोठून आले, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. नागपूरच्या एका शाळेच्या उदाहरणावरून तो विचारता येण्यासारखा आहे, कारण तेथे हेच गृहीत शाळेच्या भिंतींबाहेर पडले आणि विदर्भातील एका मौखिक महाकाव्याच्या पाठावर त्याने आपला ठसा उमटविला.

नागपुरात गेल्या शतकापूर्वीच्या शतकात तीन निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या शाळा उभ्या राहिल्या. पहिली स्कॉटलंडच्या फ्री चर्चची. तिचा आरंभ १८४० नंतरच्या दशकातला असून स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने ती ओळखली जाते. दुसरी अँग्लिकन पंथाची बिशप कॉटन शाळा, १८६३ ची. तिसरी कॅथलिकांची सेंट फ्रान्सिस डी सेल्स, १८७० ची. यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या शाळेच्या मागे असलेल्या उपासनापद्धतींत ऑर्गन आणि गायकवृंद यांना मानाचे स्थान आहे. त्यामुळे त्यांच्या संगीतपरंपरेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला निदान सुरुवात कोठून करावी हे समजते. पहिल्या शाळेबाबत तसे नाही. तिच्या संस्थापकांच्या चर्चमध्ये ऑर्गन नव्हता, पियानो नव्हता, आणि आजच्या अर्थाने 'हिम' म्हणतात तशी स्वतंत्र रचलेली भक्तिगीतेही नव्हती. वरवर पाहणाऱ्यास ही शाळा संगीतहीन वाटावी. वस्तुतः तिच्या पाठीशी एक अतिशय कडक आणि जुनी गायनपरंपरा उभी होती. ती वाद्यांवाचून चालत होती, एवढेच.

१८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या प्रस्थापित चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्चचा जन्म झाला. हिस्लॉप त्या नव्या चर्चचे मिशनरी म्हणून १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचले. त्या वेळी नागपुरावर तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते आणि कामठीस इंग्रजी पलटणींची छावणी होती. हिस्लॉप यांच्या मदतीस १८४७ साली रॉबर्ट हंटर आले. हेच हंटर पुढे इंग्रजी भाषेच्या एका विस्तृत विश्वकोशसदृश शब्दकोशाचे संपादक झाले, ही गोष्ट भाषाभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. या दोघांच्या जोडीने शाळा चालविली, प्रवचने केली, आणि नागपूरच्या भूस्तरांवर महत्त्वाचे निबंध लिहिले. दगड, जीवाश्म आणि शब्द यांची नोंद करण्याची दोघांची हातोटी विलक्षण होती. जे दिसते आणि जे उच्चारले जाते ते टिपावयाचे, ही त्यांची शिस्त. सूर मात्र त्या शिस्तीत बसत नव्हता.

का बसत नव्हता, हे कळण्यासाठी स्कॉटिश स्तोत्रगायनाची घडण पाहिली पाहिजे. या परंपरेचा आधार म्हणजे १६५० सालचा पद्यबद्ध स्तोत्रसंग्रह. बायबलमधील दीडशे स्तोत्रे त्यात छंदोबद्ध इंग्रजीत उतरविलेली आहेत आणि त्यांतील बहुसंख्य रचना एकाच छंदात, म्हणजे आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या 'कॉमन मीटर' मध्ये आहेत. परिणामी या छंदातील कोणतेही स्तोत्र या छंदासाठी बांधलेल्या कोणत्याही चालीवर म्हणता येते. या व्यवस्थेचे सर्वांत बोलके प्रतीक म्हणजे एकोणिसाव्या शतकात प्रचारात असलेली दुभंग पानांची स्तोत्रपुस्तके. त्यांचे प्रत्येक पान मध्यावर आडवे कापलेले असे. वरच्या अर्ध्या पानावर चालीचे स्वरलेखन आणि खालच्या अर्ध्यावर स्तोत्राचे शब्द. दोन्ही भाग स्वतंत्रपणे उलटता येत. शब्द आणि चाल यांचा संबंध गाणाऱ्याच्या इच्छेवर सोडलेला होता. शब्द ईश्वरी म्हणून अचल, चाल मानवी म्हणून बदलती. वाद्य तर मुळीच नको. प्रिसेंटर नावाचा गायनप्रमुख उभा राहून स्वर लावी आणि मंडळी त्याच्या मागून गात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक ओळ आधी एकाने म्हणून दाखवावी व मग सर्वांनी गावी, अशी सूचना १६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासनापद्धतीतच आहे. स्वतंत्र भक्तिगीतांना फ्री चर्चने १८७० नंतर मान्यता दिली, आणि वाद्यांना तर १८८३ साली. योगायोग असा की नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झाले ते त्याच वर्षी. म्हणजे हिस्लॉप यांच्या हयातीतील शाळेवर ज्या उपासनेची छाया होती ती आरंभापासून शेवटपर्यंत निर्वाद्य होती.

एकाने ओळ म्हणावी आणि इतरांनी ती उचलावी, ही रीत नागपूरकरांना नवी वाटण्याचे कारण नव्हते. कीर्तनकाराच्या मागे उभे राहणारे झीलकरी हेच करतात. पंतोजींच्या शाळेत संध्याकाळी चालणारा परवचा याच तऱ्हेने चाले. एक मुलगा पाढा सांगे आणि बाकीची पोरे एका सुरात म्हणत. निरक्षरांच्या हाती पाठ देण्याची ही जुनी युक्ती आहे आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात व विदर्भाच्या गावांत ती एकाच गरजेतून निपजली. तथापि साम्य येथेच संपते. कीर्तनात झीलकऱ्यांबरोबर मृदंग आणि झांज असतात. अभंगाची ओळ कीर्तनकार तोडतो, वाढवितो, मध्येच गद्य निरूपणात शिरतो आणि पुन्हा ध्रुपदावर येतो. प्रिसेंटरला हे स्वातंत्र्य नाही. त्याच्या ओळीतील एक अक्षरही हलता कामा नये.

मराठी भाषा या परंपरेत शिरू लागली तेव्हा काय झाले, हा छंदःशास्त्राचा आणि भाषाशास्त्राचाही मनोरंजक प्रश्न आहे. इंग्रजी कॉमन मीटरची ओळ निराघात अक्षराने सुरू होते आणि आघात दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या अक्षरावर पडतात. इंग्रजीत हे सहज जमते, कारण तेथे उपपदे आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या आधी येतात व निराघात असतात. मराठीची रचना उलट आहे. प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात, आणि आपला आघात दुबळा व अर्थभेद न करणारा असला तरी त्याचा कल शब्दाच्या आरंभाकडे आहे. समजा, कोणी आठ अक्षरांची अशी एक ओळ रचली : 'माझ्या देवा तूच माझा'. बोलताना हिच्यात काहीच खटकत नाही. ती कॉमन मीटरच्या चालीवर बसविली की आघात पडतात ते 'झ्या', 'वा', 'च' आणि 'झा' यांवर. म्हणजे सामान्यरूपाचा शेवट, संबोधनाचा शेवट, अवधारणवाचक अव्यय आणि लिंगवचनाचा प्रत्यय एवढेच जोराने ऐकू येतात. 'मा', 'दे', 'तू' हे शब्दांचे प्राण मागे पडतात. श्रोत्याला शब्द कळतात, पण ते कोणा परक्याने उच्चारल्यासारखे वाटतात. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या जुन्या इंग्रजी चालींवरील गाण्यांविषयी जी अवघडलेपणाची तक्रार होत आली, तिचे मूळ भाषांतरकाराच्या मराठीत शोधले जाते. ते बऱ्याच अंशी येथे, आघातांच्या जागी आहे. उत्तम मराठी जाणणाऱ्यालाही या चौकटीत हीच अडचण आली असती.

या अडचणीतून वाट काढली ती अभंग आणि कीर्तन यांनी. अहमदनगरच्या बाजूस कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले आणि पुढे नारायण वामन टिळक यांनी भक्तिगीताला मराठी छंदांचा हक्क मिळवून दिला. टिळकांच्या आयुष्यातील निर्णायक वळण नागपूरशी निगडित आहे, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना ठाऊक आहेच. नागपुरात बुटींच्या आश्रयाने काही काळ काढल्यानंतर राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एका मिशनऱ्याकडून नवा करार मिळाला, आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण किंवा लहान अभंगाचे आठ-आठ अक्षरांचे चरण आघातांवर चालत नाहीत. अक्षरसंख्या आणि यमक एवढे सांभाळले की गाणारा अक्षरांना हवे तसे ताणतो. त्यामुळे प्रत्ययावर जोर पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टिळकांचे हे कार्य सर्वश्रुत आहे आणि त्याचा येथे अधिक विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की मराठीतील अभंगसुद्धा चालीपासून सुटा करता येतो. एकच अभंग वारकरी एका चालीवर म्हणतो, नाट्यगायक दुसऱ्या आणि आकाशवाणीचा गायक तिसऱ्या. या दृष्टीने अभंग आणि स्कॉटिश स्तोत्र हे परस्परांना वाटतात तितके दूरचे नाहीत. दोहोंचाही छंद शब्दांतच साठविलेला असतो. चाल नसली तरी कागदावर तो मोजता येतो.

ज्या गीताचा छंद शब्दांत साठविलेला नसतो, त्याचे काय? हा प्रश्न हिस्लॉप यांच्या समोर आला तो शाळेत नव्हे, तर शाळेबाहेर, दौऱ्यांच्या काळात.

नागपूरच्या आसपासच्या गोंड, कोलाम, कोरकू, कैकाडी आदी समाजांच्या भाषांकडे हिस्लॉप यांचे लक्ष आरंभीच वेधले होते. त्यांनी शब्दसूची केल्या, चालीरीती टिपल्या, देवतांची नावे जमविली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. मागे राहिलेले कागद मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केले. या ग्रंथातील तौलनिक शब्दसूची भाषाशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. काल्डवेल यांचे द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण १८५६ मध्ये निघाले होते. परंतु मध्य भारतातील लहान द्राविडी बोलींची एकत्र मांडलेली सामग्री त्या काळी दुर्मिळ होती. कोलामी आणि नायकी यांना गोंडीशेजारी स्वतंत्र रकान्यांत ठेवण्याची जी दृष्टी हिस्लॉप यांनी दाखविली, तिचे महत्त्व वर्धा जिल्ह्यातील कोलामीवरचा एमेनो यांचा ग्रंथ १९५५ साली आल्यानंतर अधिकच उमगते. उच्चार कानांनी टिपून रोमन लिपीत बसविलेले असल्यामुळे दीर्घत्व आणि मूर्धन्य वर्ण यांबाबत सूचीत सैलपणा आहे. तो काळाचा दोष म्हणून सोडून देता येईल.

याच ग्रंथात लिंगोचे गीत आहे. एका परधानाच्या तोंडून घेतलेले, सुमारे हजार ओळींचे हे गोंडी आख्यान इंग्रजी भाषांतरासह छापलेले आहे. गोंडांची उत्पत्ती, महादेवाने त्यांना गुहेत कोंडणे, निसटलेले चार भाऊ, फुलापासून झालेला लिंगोचा जन्म, भावांच्या बायकांनी घेतलेला आळ, लिंगोचा वध आणि पुनरुज्जीवन, गोंडांची मुक्तता, आणि कुळांची विभागणी असा त्याचा पट आहे. गोंडी भाषेतील एवढी मोठी रचना छापून निघण्याचा हा पहिलाच प्रसंग म्हणावयास हरकत नाही. या नोंदीबद्दल हिस्लॉप यांचे ऋण मान्य केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. फ्री चर्चचेच दुसरे मिशनरी डॉसन यांनी पुढे छिंदवाड्यास राहून गोंडीचा अभ्यास चालविला, आणि १९०६ साली भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात गोंडीला विस्तृत स्थान मिळाले. पण एवढा सलग काव्यपाठ पुष्कळ वर्षे एकटाच राहिला.

आता या पाठाकडे छंदाच्या अंगाने पाहावे. ओळी लहानमोठ्या आहेत. अक्षरसंख्येचा नियम लागत नाही, यमक नाही, मात्रांची आवृत्ती नाही. कोठे गद्यासारखा संवाद चालतो, कोठे एकच वाक्यसाचा पुन्हा पुन्हा येतो. यावरून काही वाचकांनी असा निष्कर्ष काढला की ही रचना मुळात ओबडधोबड, अर्धवट गद्य आहे. त्यांत अग्रणी म्हणजे कॅप्टन फॉर्सिथ. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील १८७१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी लिंगोची कथा संक्षेपाने सांगितली आणि तिला योग्य असा छंद म्हणून लाँगफेलोच्या 'हायावाथा' या काव्याचा छंद निवडला. लाँगफेलोने तो १८५५ च्या काव्यासाठी फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्याच्या जर्मन भाषांतरावरून घेतला होता. म्हणजे सातपुड्यातील गीताला अमेरिकेतील आदिवासींच्या नावाखाली फिनलंडचा ठेका जर्मनीमार्गे बसविण्यात आला. हा प्रवास हास्यास्पद वाटतो खरा, पण फॉर्सिथ यांची गरज खोटी नव्हती. छापील पाठात काहीतरी उणे आहे, हे त्यांच्या कानाला जाणवले. उणे काय आहे याचा शोध त्यांनी परधानाकडे न करता ग्रंथालयात केला, येथे त्यांची चूक झाली.

परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. यजमान कुळाच्या घरी विशिष्ट प्रसंगी येऊन कुळकथा गाणे हा त्यांचा हक्क आणि व्यवसाय. त्यांचे गाणे किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने चालते. आदिलाबादच्या राजगोंडांविषयी १९४८ साली लिहिलेल्या ग्रंथात फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी, आणि नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांविषयी १९४६ साली लिहिलेल्या ग्रंथात शामराव हिवाळे यांनी या गायकांच्या जीवनाचे जे चित्र दिले आहे, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. किंगरीचा किंवा नर्मदेकडील बान्याचा सहभाग या गायनात शोभेचा नाही. गायक ओळ टाकतो, वाद्य ती ओळ पुरी करते, साथीदार ती उचलतो. या चक्रात ओळ कोठे संपली हे वाद्य ठरविते. अशा परधानाला वाद्यावाचून, थांबून थांबून, लिहिणाऱ्याच्या लेखणीच्या गतीने आख्यान सांगावयास लावले तर काय होईल?

याचे उत्तर अन्यत्र मिळालेले आहे. युगोस्लाव्हियातील गुसले वाजवून गाणाऱ्या शाहिरांची गीते मिलमन पॅरी यांनी १९३०–४० च्या दशकात ध्वनिमुद्रित केली आणि त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात सांगून लिहवून घेतलेल्या पाठांची चर्चा केली. वाद्य हातातून काढून घेतले की सराईत गायकाचीही ओळ मोडते आणि पद्यात गद्य मिसळू लागते, असे लॉर्ड यांचे निरीक्षण आहे. हा न्याय लिंगोच्या पाठाला लावला तर फॉर्सिथ यांना जाणवलेले उणेपण गीताचे नसून नोंदीचे ठरते. पुनरुक्त वाक्यसाचे छापील पानावर कंटाळवाणे वाटतात. ते बहुधा किंगरीच्या आवर्तनाच्या सांध्यावरचे आहेत. आरंभी अरण्याचे निर्जनत्व कावळ्याच्या, पाखराच्या आणि वाघाच्या आवाजांचा अभाव सांगून वर्णिले आहे. त्या आवाजांची अनुकरणवाचक अक्षरे पाठात उतरली आहेत, आणि ती वाचताना तर हमखास वाटते की येथे गायक केवळ सांगत नव्हता.

या नोंदीचे उत्तरदायित्व कोणावर, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. हिस्लॉप यांच्या हाती फोनोग्राफ नव्हता. तो १८७७ चा. गोंडी संगीताचे स्वरलेखन करण्यास लागणारी संगीताची तयारी त्यांच्यापाशी होती असे मानण्यास आधार नाही. शिवाय ग्रंथ त्यांच्या पश्चात दुसऱ्याच्या हातून निघाला. हे सर्व मान्य करावे लागते. पण स्वरलेखन न करणे आणि गाण्याची दखलच न घेणे या भिन्न गोष्टी आहेत. वाद्य कोणते होते, साथीला किती जण होते, ओळ किती वेळा म्हटली गेली, हे लिहिण्यास संगीतज्ञान लागत नाही. ज्या नजरेने दगडाच्या थरांची जाडी टिपली, त्या नजरेला हे सहज दिसले असते. शिवाय भारतीय संगीत ही लिहिण्याजोगी गोष्ट आहे, याची जाणीव त्या काळच्या इंग्रजी वाचकाला नव्हती असेही नाही. विल्यम जोन्स यांचा रागांवरील निबंध १७९२ चा, विलर्ड यांचा हिंदुस्थानी संगीतावरील ग्रंथ १८३४ चा.

म्हणून कारण अन्यत्र शोधावे लागते, आणि ते दुभंग पानांच्या स्तोत्रपुस्तकात सापडते असे दिसते. ज्याच्या कानावर लहानपणापासून असे गायन पडले की ज्यात शब्द तेवढे खरे आणि चाल केव्हाही बदलता येणारी, त्याने शब्द उतरवून घेतले म्हणजे गीत उतरवून घेतले, असे समजावे यात नवल नाही. खालचे अर्धे पान हाती आले होते. वरचे कोणतेही लावता येईल. फॉर्सिथ यांनी नेमके तेच केले. त्यांनी वरचे अर्धे पान फिनलंडहून आणले.

या उपपत्तीवर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. शब्द घ्यावेत आणि सूर टाकावेत ही एकोणिसाव्या शतकातील लोकसाहित्यसंग्राहकांची सार्वत्रिक रीतच होती. खुद्द 'कालेवाला'चा संग्राहक लोन्रोट काही स्कॉटिश स्तोत्रगायक नव्हता. तेव्हा हिस्लॉप यांच्या चर्चला यात गोवण्याचे कारण काय? आक्षेप अंशतः मान्य करून असे म्हणता येईल की रीत सार्वत्रिक असली तरी ती अंगीकारण्याची कारणे सर्वत्र एकच नसतात. लोन्रोटला जे काव्य मिळाले त्याचा छंद शब्दांतच होता. ते कागदावर आले तरी मोडले नाही. जेथे छंद शब्दांबाहेर आहे तेथे संग्राहकाला निदान अडखळल्यासारखे व्हावयास हवे होते. लिंगोच्या छापील पाठात अशा अडखळण्याची खूण नाही. एवढ्या सूक्ष्मदृष्टीच्या माणसाला हे न खटकणे, हीच खटकणारी गोष्ट आहे. एमेनो यांनी तोडांची गीते १९७१ साली प्रसिद्ध केली तेव्हा गाताना शब्दांची रूपे कशी बदलतात आणि जोडओळींची रचना कशी होते, हे त्यांनी भाषाशास्त्राचा विषय म्हणून हाताळले. हिस्लॉप आणि एमेनो यांच्यामध्ये शंभर वर्षे आहेत, हे खरे. परंतु त्यांच्यातले अंतर केवळ साधनांचे नाही. गीत म्हणजे काय याविषयीच्या कल्पनेचेही ते अंतर आहे.

येथून पुन्हा शाळांच्या इतिहासाकडे वळता येते. संगीत हा शिक्षणाचा अलंकार, हे स्मरणग्रंथांचे गृहीत त्याच कल्पनेचे अपत्य आहे. शाळेचे काम खालच्या अर्ध्या पानावर चालते आणि वरचे पान संमेलनापुरते, अशी ही विभागणी. ती इतकी मुरली आहे की विदर्भातील विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही लोकगीते मराठी विभागात केवळ शब्द म्हणून शिकविली जातात, आणि त्यांचे सूर असलेच तर संगीत विभागाकडे सोपविले जातात. (ज्या विद्यापीठाला २००५ पासून खंजिरीवर भजने गाणाऱ्या राष्ट्रसंतांचे नाव आहे, तेथे ही वाटणी थोडी अधिकच डोळ्यांत भरते.) हिस्लॉप यांच्या शाळेचा खरा संगीतेतिहास लिहावयाचा झाल्यास तो पियानोच्या खरेदीपासून सुरू होणार नाही. त्याचा आरंभ प्रिसेंटरच्या ओळीपासून करावा लागेल, आणि १८६६ च्या ग्रंथाला त्यात एक प्रकरण द्यावे लागेल. शालेय इतिहासकार हे पुस्तक संस्थापकाच्या विद्वत्तेचा पुरावा म्हणून कपाटात ठेवतात. शाळेच्या कानाचा पुरावा म्हणून ते अद्याप वाचावयाचे राहिले आहे.

तसे वाचू लागल्यास गीतातील एक प्रसंग प्रथम लक्ष वेधून घेतो. भावांना विस्तव हवा असतो आणि तो रिकाड गवाडी नावाच्या वृद्ध राक्षसापाशी असतो. पहिला विस्तव चोरण्याचा प्रयत्न फसतो. मग लिंगो भोपळा आणतो, बांबू जोडतो, केसांच्या तारा लावतो आणि वाद्य तयार करतो. ते घेऊन तो पिंपळाच्या शेंड्यावर चढून बसतो व वाजवू लागतो. ज्याने माणसांना खाण्यासाठी धाव घेतली होती तो म्हातारा ते ऐकून नाचू लागतो, त्याची बायको बाहेर येते, तीही नाचते. आणि पुढे त्या घराच्या सात मुली भावांना मिळतात. गोंडांचा संसार या वाद्याने उभा राहतो. शब्दाने, शस्त्राने किंवा चोरीने जे झाले नाही ते सुराने झाले, असे येथे परधान आपल्याच व्यवसायाविषयी सांगत आहे, आणि सांगत असताना त्याच्या हातात, प्रथेप्रमाणे गाताना असावयाची ती, किंगरी नाही. या वाद्यातून शंभर सूर निघाले असे पाठात नमूद आहे. संख्या तेवढी टिपली गेली आहे.